मॅक्झिमा-मिनिमाची चार रूपं: कार्यपत्रिका संचाच्या प्रकल्प नोंदी

१६ जून

व्याप्ती ठरली. बारावी विज्ञान, राज्य मंडळाच्या गणिताच्या पुस्तकाचा दुसरा भाग, दुसरं प्रकरण, त्यातली फक्त मॅक्झिमा-मिनिमाची (कमाल-किमान किंमत काढण्याची) शाब्दिक उदाहरणं. स्पर्शिका, रोलचं प्रमेय, वाढतं-घटतं फंक्शन यांना या संचात हात लावायचा नाही.

पाच कार्यपत्रिका: कागदाचा खोका, भिंतीलगतचं कुंपण, पत्र्याचा डबा, शेतातून गावाकडची वाट, धरणाचा साठा. प्रत्येक उदाहरण चार रूपांत येईल: शब्द आणि आकृती, तक्ता, आलेख, सूत्र.

हे करण्याचं कारण सगळ्या गणित शिक्षकांना ठाऊक आहे. ‘४क्ष³ − १०१.४क्ष² + ६२३.७क्ष याची कमाल किंमत काढा’ असं दिलं की मुलं न अडखळता सोडवतात. तेच उदाहरण ‘ए-फोर कागदाचे चारही कोपरे कापून’ असं सुरू झालं की पेन थांबतं. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) काढता येतं, शून्य ठेवता येतं. अडतं ते एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना. फ्रेंच संशोधक रेमाँ द्युव्हाल यांनी हा भेद नेमका मांडला आहे. एकाच रूपाच्या आत केलेली उलाढाल, म्हणजे सूत्रातून सूत्र काढणं, ही एक क्रिया. एका रूपातून दुसऱ्यात नेणं ही वेगळी आणि अधिक अवघड. शिवाय जाण्याची वाट आली म्हणून परतीची येते असं नाही. सूत्रावरून आलेख काढणारा विद्यार्थी आलेखावरून सूत्राबद्दल काही सांगू शकेलच असं नसतं. आपल्या वर्गात जवळजवळ सगळा वेळ पहिल्या क्रियेवर जातो.

(नोंदींत अक्षरं देवनागरी ठेवली आहेत: क्ष, त्र, उ वगैरे. वर्गात मुलं इंग्रजी अक्षरंच लिहितील.)

२० जून

पानाची मांडणी. ए-फोर पान आडवं, चार चौकटी. पहिल्या मसुद्यात क्रम होता शब्द, सूत्र, तक्ता, आलेख. तो बदलला. सूत्र आधी असेल तर तक्ता हा नुसता कॅल्क्युलेटरचा उद्योग होतो आणि आलेख शोभेला उरतो. आता क्रम: शब्द-आकृती, तक्ता, आलेख आणि शेवटी सूत्र. आलेख हाताने, ग्राफ पेपरवर, निदान पहिल्या दोन पत्रिकांमध्ये.

पहिल्या चौकटीत तीन ओळी सक्तीच्या:
काय बदलतं आहे (एककासह)?
काय ठरलेलं आहे?
कशाची कमाल किंवा किमान किंमत हवी?

चौथी ओळ पण तितकीच महत्त्वाची: बदलणारी गोष्ट कुठपासून कुठपर्यंत जाऊ शकते? डोमेन हा शब्द मुद्दाम वापरलेला नाही. तो वापरला की मुलं ‘सर्व वास्तव संख्या’ लिहून मोकळी होतात.

२७ जून

पत्रिका १, खोका. ए-फोर कागद २१ × २९.७ सेमी. चारही कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापायचे, कडा उभ्या करायच्या, वरून उघडा खोका. घनफळ जास्तीत जास्त हवं.

इथली ठरलेली चूक: पाया (२१ − क्ष) × (२९.७ − क्ष) लिहिणं. चौरस दोन्ही टोकांना कापले जातात, हे आकृतीत दिसत असूनही सूत्रात उतरत नाही. तिच्याइतकीच दुसरी: खोक्याची उंची म्हणून नवीन अक्षर घेणं आणि मग दोन अक्षरांचं काय करायचं म्हणून अडून बसणं. कापलेल्या चौरसाची बाजू हीच खोक्याची उंची होते, हे सपाट आकृतीवरून दिसत नाही. सपाट आकृती आणि उभा खोका ही दोन वेगळी चित्रं आहेत. पुस्तकात एकच असतं, दुसरं मुलांनी मनात उभं करावं अशी अपेक्षा असते.

उपाय साधा आहे. कापल्यावर तयार झालेली खाचेची कड घडी घालण्याआधी लाल स्केचपेनने रंगवायची. घडी घातली की लाल कड उभी राहते. प्रश्न विचारायचा: लाल कड किती सेंटिमीटर? ‘जेवढं कापलं तेवढी.’ उंचीचं वेगळं अक्षर तिथेच गळून पडतं.

पाया चुकला असेल तर पट्टी लावायला सांगायचं. ३ सेमी कापलेल्या खोक्याचा पाया १५ × २३.७ भरतो. चुकीचं सूत्र १८ × २६.७ सांगतं. शिक्षकाने काही बोलायची गरज उरत नाही.

साहित्य: साधा झेरॉक्सचा कागद नको, बाजू फुगतात. कार्डशीट ए-फोरला कापून घ्यावी. कोपऱ्यांना सेलोटेप बाहेरून. प्रत्येक गटाला वेगळा क्ष: २, ३, ४, ५, ६ सेमी.

तक्त्याचा नियम: घनफळाच्या रकान्याआधी एक रकाना ‘न सोडवलेला हिशेब’. त्यात उत्तर लिहायचं नाही, मांडणी लिहायची:

२ × (२१ − २×२) × (२९.७ − २×२)
३ × (२१ − २×३) × (२९.७ − २×३)
४ × (२१ − २×४) × (२९.७ − २×४)

तीन ओळी एकाखाली एक आल्या की कुठला आकडा बदलतो आणि कुठला जागचा हलत नाही हे डोळ्यांना दिसतं. बदलणाऱ्या आकड्याच्या जागी क्ष लिहिला की सूत्र तयार. एक खबरदारी: पहिल्या ओळीत २×२ मधला कुठला २ बदलतो आणि कुठला राहतो हे कळत नाही. म्हणून छापील तक्ता ३ पासून सुरू करायचा, २ ची ओळ नंतर भरायची. हा रकाना काढून टाकला की तक्त्यापासून सूत्रापर्यंतचा पूलच जातो; ८७३.८, १०६६.५, ११२८.४ या आकड्यांकडे कितीही वेळ पाहिलं तरी सूत्र दिसणार नाही.

२ जुलै

पत्रिका १ चा पूर्ण तक्ता तपासून घेतला (क्ष सेमीमध्ये, घनफळ घसेमीमध्ये):

१ → ५२६.३
२ → ८७३.८
३ → १०६६.५
४ → ११२८.४
५ → १०८३.५
६ → ९५५.८
७ → ७६९.३
८ → ५४८.०
९ → ३१५.९
१० → ९७.०

शेजारी ‘फरक’ हा रकाना वाढवला: ३४७.५, १९२.७, ६१.९, −४४.९, −१२७.७ आणि पुढे. फरकाचं चिन्ह बदलतं तिथे कमाल, हे मुलांना लगेच पटतं. पण यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघतात. एक, ‘४ ला सर्वांत मोठा आकडा आहे म्हणून उत्तर ४’. दोन, ‘फरक ४ नंतर ऋण झाला म्हणून कमाल ४ आणि ५ च्या मध्ये’. तक्त्यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं की कमाल ३ आणि ५ च्या दरम्यान कुठेतरी आहे. ४ च्या कुठल्या बाजूला, ते नाही.

फरक कुठे लिहायचा हा प्रश्न वरवर छापखान्याचा वाटतो, पण गणिताचा आहे. ६१.९ हा ३ ते ४ या टप्प्याचा फरक, म्हणून तो ३.५ समोर, दोन ओळींच्या मधोमध लिहायचा. −४४.९ हा ४.५ समोर. मग ३.५ ते ४.५ या एक सेंटिमीटरमध्ये फरक ६१.९ वरून −४४.९ वर येतो, म्हणजे १०६.८ ने उतरतो. शून्य येतो अंदाजे ३.५ + ६१.९/१०६.८, म्हणजे ४.०८ ला. खरं उत्तर ४.०४. सूत्र न लिहिता, डेरिव्हेटिव्ह न काढता इतक्या जवळ जाता येतं.

शिक्षकांसाठीच्या पानावर एक टीप टाकली, कारण कोणी ना कोणी चौकस विद्यार्थी विचारणारच. डेरिव्हेटिव्ह १२क्ष² − २०२.८क्ष + ६२३.७. त्यात ३.५ घातले तर ६०.९ येतात, ४.५ घातले तर −४५.९. तक्त्यातला फरक दोन्ही ठिकाणी बरोबर १ ने जास्त आहे, आणि तो सगळ्या ओळींत १ नेच जास्त राहतो. फंक्शन तीन घाताचं आहे, क्ष³ चा सहगुणक ४ आहे, टप्पा १ चा आहे. या तिघांमुळे हा १ येतो. टप्पा अर्धा केला तर ‘फरक भागिले टप्पा’ आणि डेरिव्हेटिव्ह यांतलं अंतर पाव होतं. ‘मर्यादा घेणं’ म्हणजे काय हे दाखवायला अकरावीतही याहून सोपं उदाहरण मिळणं कठीण.

५ जुलै

खोके भरून मोजायचा भाग. साबुदाणा, प्रयोगशाळेतलं १०० मिलीचं मोजपात्र, पट्टी. साबुदाणा वरून सैल ओतायचा, पट्टीने सपाट करायचा, खोका हलवायचा किंवा आपटायचा नाही. हलवला की दाणे बसतात आणि ‘घनफळ’ वाढतं.

अपेक्षा काय ठेवायची हे आधीच लिहून ठेवावं. ३.५ सेमीला १११२.३, ४.०४ ला ११२८.५, ४.५ ला १११७.८. म्हणजे अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं तरी घनफळात दीड टक्क्याच्या आतच फरक. मोजपात्र, सपाटी, टेपच्या फटी यांतली चूक त्याहून मोठी असते. साबुदाण्याने २ आणि ४ मधला फरक स्वच्छ दिसतो, ४ आणि ४.५ मधला दिसत नाही.

हे प्रयोगाचं अपयश म्हणून सांगायचं नाही. शिखराजवळ वक्र सपाट असतो, म्हणून मोजमापाला शिखर सापडत नाही. आणि सपाट असतो म्हणूनच डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून ते सापडतं. केप्लरने १६१५ साली दारूच्या पिंपांच्या आकारमानावर लिहिताना हेच टिपलं होतं की कमाल किमतीच्या आसपास बदल जाणवेनासा होतो. फर्माची कमाल-किमान काढायची रीत त्यानंतरची, आणि न्यूटन-लायब्निझ तर पुढच्या पिढीतले.

१२ जुलै

पत्रिका १ चा संगणक भाग, जिओजेब्रा (आलेख काढायचं सॉफ्टवेअर). सूत्र टाकलं की पडद्यावर जवळजवळ उभ्या रेघा दिसतात. कारण सुरुवातीच्या खिडकीत उभा अक्ष दहाच्या आसपास संपतो आणि आपलं फंक्शन हजाराच्या वर जातं. मुलं ‘ग्राफ येत नाही’ म्हणतात. आडवा अक्ष ० ते ११ आणि उभा ० ते १२०० हातानेच लावायचा. खिडकी आपोआप जुळवून द्यायची नाही; अक्षांवर काय किती आहे याचा विचार तक्ता पाहून व्हायला हवा.

त्यानंतरचा धोका मोठा. खिडकी दूर नेली की उजवीकडे वक्र पुन्हा वर चढताना दिसतो. क्ष = २० ला सूत्र ३९१४ देतं. ‘मग २० जास्त चांगलं’ असं उत्तर मिळतं आणि सूत्राच्या दृष्टीने ते चूक नाही: (२१ − ४०) म्हणजे −१९ आणि (२९.७ − ४०) म्हणजे −१०.३, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन. दोन्ही बाजू ऋण असलेला पाया सूत्राला चालतो, कागदाला चालत नाही. २१ सेमीच्या कागदातून २० सेमीचे चार चौरस कापून दाखवा, एवढं म्हटलं की पुरे.

डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवल्यावर दोन उत्तरं येतात, ४.०४ आणि १२.८६. दुसरं का टाकायचं? मुलं लिहितात, ‘सेकंड डेरिव्हेटिव्ह धन आहे, म्हणून मिनिमा, म्हणून नको’. मार्क मिळतात. पण खरं कारण त्याच्या आधीचं आहे: १२.८६ हे ० ते १०.५ च्या बाहेर आहे. तिथे खोकाच नाही. पत्रिकेत प्रश्न असा घातला: ‘१२.८६ सेमीचे चौरस कापलेला खोका काढून दाखवा.’ फंक्शनला टोकं देऊनच आलेख काढायचा, ० ते १०.५ एवढाच तुकडा, ही पुढच्या सगळ्या पत्रिकांची अट.

१६ जुलै

पत्रिका २, कुंपण. ४० मीटर जाळी, एका बाजूला भिंत, तीन बाजूंना जाळी. रुंदी क्ष, लांबी ४० − २क्ष. उत्तर १० मीटर रुंदी, २० लांबी, २०० चौमी. फार वेळ घालवण्यासारखं नाही.

उपयोग त्याच्या दुसऱ्या भागाचा. भिंत फक्त १५ मीटरची आहे. आता लांबी १५ च्या पुढे जात नाही, म्हणून क्ष १२.५ च्या खाली जात नाही. डेरिव्हेटिव्ह ४० − ४क्ष, शून्य होतो १० ला, आणि १० आता क्ष च्या हद्दीबाहेर. कमाल टोकाला, १२.५ ला, १८७.५ चौमी, तिथे डेरिव्हेटिव्ह −१० आहे, शून्य नाही. ‘मॅक्झिमा म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य’ हे समीकरण मोडायला हे पुरतं. आलेखावर दिसतंच: तुकडा सुरू होतो तिथेच सर्वांत उंच.

कोणीतरी विचारेल, भिंतीच्या पुढेही जाळी नेली तर? विचारायलाच हवं. भिंतीपलीकडचा तुकडा जाळीने पुरा केला तर लांबी २७.५ − क्ष होते, क्ष १२.५ पेक्षा जास्त नको, आणि क्षेत्रफळ क्ष(२७.५ − क्ष) या टप्प्यात चढतंच राहतं. पुन्हा १२.५ च. उत्तर टिकतं.

२४ जुलै

पत्रिका ३, डबा. १ लिटरचा बंद वृत्तचिती डबा, पत्रा कमीत कमी. त्रिज्या त्र, उंची उ, लागणारा पत्रा प; पाय म्हणजे π. प = २ पाय त्र² + २ पाय त्र उ. घनफळ १००० घसेमी ठरलेलं, म्हणून उ = १०००/(पाय त्र²), आणि प = २ पाय त्र² + २०००/त्र. उत्तर त्र = ५.४२, उ = १०.८४, पत्रा ५५३.६ चौसेमी. उंची बरोबर व्यासाएवढी.

सर्वांत जास्त चर्चा या पत्रिकेवर झाली, कारण इथे एक चूक बरोबर उत्तर देते.

‘काय ठरलेलं आहे’ ही ओळ सोडून पुढे गेलेला विद्यार्थी उ ला अचल समजून थेट विकलन करतो (डेरिव्हेटिव्ह काढतो): ४ पाय त्र + २ पाय उ = ०. म्हणजे उ = −२त्र. उंची ऋण कशी, म्हणून वजाचं चिन्ह पुसतो आणि लिहितो उ = २त्र. हे बरोबर उत्तर आहे! पुस्तकातल्या उत्तराशी जुळतं. १००० हा आकडा कुठेच वापरलेला नाही, तरी कोणाला संशय येत नाही.

योगायोग असेल म्हणून झाकण काढून पाहिलं. उघडा डबा: प = पाय त्र² + २ पाय त्र उ. चुकीची रीत: २ पाय त्र + २ पाय उ = ०, चिन्ह पुसून उ = त्र. बरोबर रीत: उ = त्र. पुन्हा जुळलं. दुहेरी तळ घेतला तरी जुळणारच. कारण: घनफळ ठरलेलं असताना त्र वाढली की उ कमी होते, आणि त्या घटीमुळे येणारं पद −४ पाय उ असतं. ते मिळवलं की २ पाय उ चं −२ पाय उ होतं. म्हणजे विसरलेलं पद नेमकं चिन्ह उलटवण्याचंच काम करत होतं. तळ-झाकणं किती आहेत याने काही फरक पडत नाही.

तेव्हा ही चूक पकडायची तर उदाहरण उलटं करावं लागतं: पत्रा ठरलेला, घनफळ जास्तीत जास्त. आता उ ला अचल धरलं तर २ पाय त्र उ = ०, म्हणजे त्रिज्या शून्य; चूक लपत नाही. पत्रा आधी ६०० चौसेमी घ्यायचा विचार होता, पण त्याचं उत्तर ११२८.४ घसेमी येतं आणि पत्रिका १ चं ११२८.५. मुलं त्यात संबंध शोधत बसतील. ९०० चौसेमी घेतलं: त्र = ६.९१, उ = १३.८२, घनफळ २०७३ घसेमी.

आलेखाच्या चौकटीतली अडचण वेगळीच. २ पाय त्र² (चढता) आणि २०००/त्र (उतरता) हे दोन वक्र वेगळे काढून त्यांची बेरीज करायला सांगितलं आहे, कारण एक भाग वाढतो, दुसरा घटतो हे सूत्राकडे पाहून जाणवत नाही. पण दोन वक्र दिसले की ‘छेदतात तिथे मिनिमा’ असं ठरवून टाकलं जातं. ते छेदतात ६.८३ ला, तिथे पत्रा ५८५.८ लागतो, किमान ५५३.६ पेक्षा बराच जास्त. बेरीज किमान होते ती दोघांचे चढ समान आणि उलट असतात तिथे. हा गैरसमज सहज जात नाही, कारण ‘अ × क्ष + ब/क्ष’ अशा उदाहरणांत छेदबिंदूलाच किमान किंमत येते. कॉमर्सकडची मुलं मालसाठ्याच्या गणितातून हा नियम घेऊन येतात. तिथे तो चालतो, वर्ग आला की चालत नाही. दोन्ही उदाहरणं शेजारी छापली.

तक्त्यात ५ ला ५५७.१ आणि ६ ला ५५९.५. पूर्णांकांवरच थांबलं तर उत्तर ‘५’ येतं. फरकाचा रकाना इथेही ठेवला.

६ ऑगस्ट

पत्रिका ४, वाट. शेत सरळ रस्त्यापासून ३ किमी आत. शेतासमोरच्या रस्त्यावरच्या बिंदूपासून गाव रस्त्याने ८ किमी. शेतातून चालण्याचा वेग ताशी ३ किमी, रस्त्याने ५. रस्त्याला कुठे लागावं? समोरच्या बिंदूपासून क्ष किमीवर लागलो तर वेळ = √(९ + क्ष²)/३ + (८ − क्ष)/५. उत्तर २.२५ किमी, २.४ तास. सरळ रस्त्याकडे गेलं तर २.६, थेट गावाकडे तिरकं गेलं तर २.८५.

सूत्र बऱ्यापैकी जमतं, पायथागोरस ओळखीचा आहे. आलेख कोसळतो. ‘वेळ आणि क्ष यांचा अंदाजे आलेख काढा’ म्हटलं की वाटेचंच चित्र येतं: तिरकी रेघ, मग आडवी रेघ. आलेख म्हणजे प्रसंगाचं चित्र, ही समजूत बारावीतही शाबूत असते. उपाय म्हणून आलेखाआधी एक ओळ: ‘आलेखावरचा एक बिंदू म्हणजे एक अख्खी वाट. क्ष = ४ च्या बिंदूत वाटेतलं काय काय आलं?’ आणि तीन वाटा काढलेल्या तीन चिठ्ठ्या ग्राफ पेपरवर योग्य बिंदूशी चिकटवायच्या.

उभ्या अक्षाची मोजपट्टी ० पासून घेतली तर काहीच दिसत नाही; सगळ्या किमती २.४ आणि २.८५ च्या मध्ये. २.३ पासून सुरू, १ सेमी = ०.१ तास. अक्ष तुटल्याची खूण काढायची.

क्ष = २ ला २.४०२ तास. म्हणजे अचूक उत्तरापेक्षा सात सेकंदांहूनही कमी फरक. ‘मग २ लाच लागू की’ असं कोणी म्हटलं तर म्हणू द्यावं, त्याचा मुद्दा बरोबर आहे.

दुसरा भाग: गाव ८ ऐवजी २ किमीवर. ८ हा आकडा डेरिव्हेटिव्हमध्ये येतच नाही, म्हणून पुन्हा २.२५ येतं. म्हणजे गाव ओलांडून पाव किलोमीटर पुढे! सूत्र मात्र तक्रार करत नाही: १.२५ + (−०.२५)/५ = १.२०० तास. आणि खरी वाट, थेट गावाकडे, √१३/३ = १.२०१९ तास. अशक्य वाट शक्य वाटेपेक्षा कमी वेळाची दिसते, कारण परतीचा पाव किलोमीटर सूत्राने ऋण वेळात मोजला. किमतींची तुलना करूनही चूक सापडत नाही. क्ष कुठपर्यंत जाऊ शकतो ही पहिल्या चौकटीतली ओळ भरली असेल तरच सापडते.

१९ ऑगस्ट

पत्रिका ५, धरण. पावसाळ्यात रोज पेपरात येणारी भाषा: आवक, विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट), साठा टीएमसीमध्ये. एक टीएमसी म्हणजे दिवसभर सलग ११,५७४ क्युसेक (शंभर कोटी घनफूट भागिले ८६,४००). ही पत्रिका मुद्दाम सूत्राशिवाय आहे; चौथी चौकट रिकामी. डेरिव्हेटिव्ह दिलेला आहे, मूळ फंक्शन नाही.

कल्पित धरण, रोजची सरासरी, हजार क्युसेक:

दिवस १: आवक २०, विसर्ग १०
दिवस २: ४५, १०
दिवस ३: ६०, ३०
दिवस ४: ५०, ४०
दिवस ५: ३५, ३५
दिवस ६: २०, ३०
दिवस ७: १०, २०

साठा सर्वांत जास्त कधी? तिसरा दिवस, हे उत्तर येणार. तिथे आवकेचं शिखर आहे. थोडा विचार करणारे दुसरा म्हणतील. तिथे आवक वजा विसर्ग सर्वांत जास्त, ३५ हजार. खरं उत्तर: चौथ्या दिवसाच्या अखेरीला, आणि पाचव्या दिवसभर तो तेवढाच राहतो. पहिल्या चार दिवसांचं निव्वळ १० + ३५ + ३० + १० = ८५ हजार, म्हणजे साठ्यात सुमारे ७.३ टीएमसीची भर. सहाव्यापासून उतार.

आकडे असे निवडले आहेत की तीन वेगवेगळ्या कल्पनांची तीन वेगवेगळी उत्तरं यावीत. नाहीतर योग्य दिवस चुकीच्या कारणाने सांगितला जातो आणि कळत नाही. दुसऱ्या दिवसाचाही अर्थ विचारायचा: त्या दिवशी साठा सर्वांत वेगाने वाढतो, साठ्याच्या वक्राचा चढ तिथे सर्वांत जास्त.

मग उलटा प्रवास: निव्वळ आवकेच्या आलेखाखाली, त्याच आडव्या अक्षाला जुळवून, साठ्याचा आलेख काढायचा. दोन आलेख एकाखाली एक हवेत, शेजारी नकोत. शेजारी काढले की शून्याचा बिंदू आणि शिखर एका उभ्या रेषेत येत नाहीत आणि सगळा मुद्दा हरवतो. पट्टी उभी धरून रेघ खाली ओढायची.

‘आवक घटली म्हणजे साठा घटला’ ही समज बातम्या वाचणाऱ्या मोठ्यांचीही असते. चौथ्या दिवशी आवक ६० वरून ५० वर आली, तरी पाणी चढतच आहे.

३० ऑगस्ट

गुणदान. प्रत्येक पत्रिकेला १०. बदलणारी राशी, एकक आणि तिची हद्द: २. शब्दांतून सूत्र किंवा तक्ता: ३. विकलन आणि क्रिटिकल पॉइंट (डेरिव्हेटिव्ह शून्य होतो ती जागा): २. टोकांशी तुलना किंवा हद्दीचा दाखला: २. उत्तर पुन्हा शब्दांत: १.

शेवटच्या गुणावरून मतभेद झाला, पण ठेवला. प्रश्न विचारतो खोक्याची मापं, उत्तरपत्रिका संपते ‘क्ष = ४.०४’ वर. १२.९२ × २१.६२ × ४.०४ सेमी असं लिहायला हवं. हे लिहिताना कोणाचा पाया ऋण आला तर चूक तिथेच सापडते, म्हणून हा गुण नीटनेटकेपणाचा नाही, तपासणीचा आहे.

विकलनाला फक्त २ गुण हे बोर्डाच्या सवयीच्या उलट आहे. पालक विचारतील. बोर्डाच्या नमुन्याची वेगळी गुणतालिका शिक्षकांच्या पानामागे छापायची.

४ सप्टेंबर

छपाईआधीच्या दुरुस्त्या. पत्रिका १ चा तक्ता ३ पासून (२ ची ओळ तळाला, रिकामी). पत्रिका ३ मध्ये पत्रा ठरलेला असलेला भाग दुसऱ्या पानावर नको, त्याच पानावर. पान उलटलं जात नाही. पत्रिका ४ चा ग्राफ पेपर मिलिमीटरचाच हवा. पत्रिका ५ ला कॅल्क्युलेटर नको.

लाल स्केचपेनं गटाला एक याप्रमाणे. कार्डशीट कापायला दुकानात द्यायची, हाताने कापली तर २९.७ चे २९.५ होतात आणि पट्टीचा दाखला बिघडतो.